गाळ उपसणारें राष्ट्र

मराठ्यांच्या इतिहासाच्या जुन्या कागदपत्रांत ‘वलंदेज’ हें नांव येतें. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती आणि मिरीं, लवंग, जायफळ यांच्या व्यापारावर ज्यांनीं अमाप पैसा मिळविला, ते वलंदेज म्हणजे हॉलंडचे डच लोक होत. ती वखार गेली, आणि पूर्वेकडील त्यांचें साम्राज्यही गेलें. परंतु त्यांचा दुसरा एक धंदा असा आहे, कीं तो त्या साम्राज्याहून जुना असून साम्राज्य लयास गेल्यावरही जगाच्या किनाऱ्यांवर चालू आहे. हा धंदा मसाल्यांचा नव्हे, सोन्याचांदीचा नव्हे. तो चिखलाचा आहे. नद्यांच्या मुखाशीं सांचलेला गाळ उपसणें, बंदरांच्या वाटा खोल करणें, समुद्राच्या तळाची वाळू उचलून तिची नवी जमीन करणें, या कामांत सुमारें एक कोटी ऐशीं लक्ष वस्तीचा हा लहानसा देश आज जगांत अग्रेसर गणला जातो.

असें कां व्हावें? ‘डचांनीं समुद्र जिंकला’ असें म्हणण्याची प्रथा आहे. इतिहास पाहतां मात्र हा विजय कधींच पुरा झालेला दिसत नाहीं. प्रत्येक यशाबरोबर त्यांच्या डोक्यावर नवें ओझें आलें, आणि तें ओझें वाहतां वाहतां जें कौशल्य हातीं आलें, तेंच पुढें त्यांचा व्यापार बनलें. ही गोष्ट क्रमानें पाहणें उद्बोधक आहे.

हॉलंडची भूमि मुळांत ऱ्हाइन, म्यूज व स्केल्ट या तीन नद्यांनीं युरोपांतून वाहून आणलेल्या गाळाची आहे. त्या गाळावर शतकानुशतकें दलदल माजली आणि कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर सांचले. या थरांना पीट म्हणतात. वाळविल्यावर तें सरपणाप्रमाणें जळतें. दहाव्या-अकराव्या शतकापासून शेतकऱ्यांनीं चर खणून ही दलदल कोरडी करण्यास आरंभ केला. त्या वेळीं ती समुद्रसपाटीहून उंच होती, म्हणून पाणी आपोआप वाहून जाई. परंतु पीटची माती ओल्या स्पंजासारखी असते. आंतलें पाणी गेलें म्हणजे ती आक्रसते, आणि हवा लागली म्हणजे कुजून नाहींशी होते. जमीन कोरडी झाली, पीक आलें, आणि त्याबरोबर जमीन खचूं लागली. ती खचली म्हणून चर अधिक खोल खणावे, आणि चर खोल केले म्हणून ती आणखी खचावी, असें चक्र सुरू झालें. या खचण्यामुळें आणि पुढें तळीं कोरडीं केल्यामुळें आज देशाचा सुमारें चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खालीं आहे. रॉटरडॅमजवळचा सर्वांत सखल भाग तर पावणेसात मीटर खालीं आहे. समुद्रानें आक्रमण केलें हें खरें. पण त्याच्या मार्गांतला खड्डा पुष्कळसा डच शेतकऱ्यांच्या कुदळीनेंच खणून ठेवला होता.

खचलेल्या जमिनीभोंवतीं बांध घालणें प्राप्त झालें. कोंकणांत खाडीकांठीं जी खारबंदिस्ती करतात, तिचेंच हें मोठें रूप होय. भरतीचें पाणी बांधानें अडवावें आणि ओहोटीस उघाडीवाटे आंतलें पाणी बाहेर सोडावें, ही युक्ति दोहोंकडे एकच. अशा बंदिस्त जमिनीला डच लोक ‘पोल्डर’ म्हणतात. बांध कोणा एकट्याचा नसतो. एका शेतापुढें तो फुटला तर साऱ्या पंचक्रोशीचें नुकसान होतें. म्हणून तेराव्या शतकांतच पाण्याची व्यवस्था पाहणारीं जलमंडळें तेथें स्थापन झालीं. त्यांना कर बसविण्याचा व दंड करण्याचा अधिकार होता. बांधाचा आपला तुकडा नीट राखणें ज्याला झेपत नसे, तो आपली कुदळ बांधांत रोवून निघून जाई. जो ती उपटून घेई, त्याला त्या माणसाची जमीन मिळे, आणि जमिनीबरोबर बांधाची जबाबदारीही मिळे. राजे बदलले, धर्मयुद्धें झालीं, परंतु जलमंडळें टिकलीं. आजही अशीं एकवीस मंडळें तेथें आहेत, आणि त्यांचे सभासद लोकांच्या मतांनीं निवडले जातात. डच यंत्रांचें कौतुक करतांना या व्यवस्थेचा विसर पडतां कामा नये. कारण यंत्रांच्या कित्येक शतकें आधीं ती अस्तित्वांत होती.

इ. स. १४२१ च्या नोव्हेंबरांत, संत एलिझाबेथच्या सणाच्या सुमारास, मोठें वादळ होऊन बांध फुटले आणि डॉर्ड्रेख्त शहराजवळचा विस्तीर्ण पोल्डर पाण्याखालीं गेला. त्यांतील बराच भाग पुन्हां कधींच कोरडा झाला नाहीं. तेथें बीस्बॉश नांवाचें खाड्यांचें व बेटांचें रान तयार झालें आणि त्यांत वाळुंजाचीं झाडें माजलीं. आसपासच्या स्लीड्रेख्त, वेर्केन्डाम वगैरे गांवांतील लोकांनीं याच वाळुंजाच्या फांद्या तोडून त्यांचे प्रचंड तट्टे विणण्याचा धंदा पत्करला. असा तट्टा पाण्यावर ओढीत न्यावयाचा, त्यावर दगड रचावयाचे आणि तो नदीच्या तळाशीं बुडवावयाचा, म्हणजे प्रवाहानें तळ खरवडला जात नाहीं व बांधाचा पाया शाबूत राहतो. ज्या पुरानें गांवें बुडविलीं, त्याच पुरानें बांध राखण्याचें साहित्य लोकांच्या दारांत आणून ठेवलें. पुढें जगभर पसरलेल्या गाळकामाच्या पेढ्यांचें मूळ याच टापूंत सांपडतें.

गाळ काढण्याचीं पहिलीं साधनें अगदीं साधीं होतीं. लांब काठीच्या टोकाला लोखंडी कडें व त्याला जाळ्याची पिशवी, असें एक हत्यार असे. होडींत उभें राहून तें तळावरून ओढावें आणि पिशवींत आलेला चिखल वर घ्यावा. दुसरी युक्ति याहून चतुर होती. होडीच्या बुडाला दांताळें बसवून ओहोटीच्या जोरावर ती बंदरांतून फिरवीत; दांताळ्यानें तळाचा गाळ ढवळला जाई आणि उतरतें पाणी त्याला समुद्रांत घेऊन जाई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चिखलाची चक्की निघाली. एका पडावावर फळ्यांची अखंड माळ फिरे आणि उतरत्या पन्हळींतून चिखल वर ओढून घेई. ती माळ आरंभीं माणसें चाक तुडवून फिरवीत, पुढें घोडे फिरवूं लागले.

एवढें असूनही अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऐन भरभराटीच्या काळांत त्या शहराच्या दारांतच गाळाचा अडसर होता. शहराबाहेर पाम्पस नांवाचा उथळ भाग होता, आणि मालानें लादलेलीं मोठीं जहाजें भरतीची वाट पाहत तेथें अडकून पडत. अंगांत त्राण न उरलेला मनुष्य ‘पाम्पससमोर पडला आहे’ असें डच भाषेंत अजून म्हणतात. १६९० च्या सुमारास एका कारागिरानें यावर तोड काढली. जहाजाच्या दोन्ही बाजूंस पाण्यानें भरलेल्या पोकळ लाकडी पेट्या बांधावयाच्या आणि मग त्यांतलें पाणी उपसून काढावयाचें, म्हणजे पेट्या वर येतात व जहाजालाही उचलून धरतात. या पेट्यांना ‘उंट’ असें नांव पडलें. पूर्वेकडची अगणित संपत्ति अशा उंटांच्या पाठीवरून शहरांत शिरत होती. पण पाम्पसचा गाळ कांहीं हटला नव्हता.

दरम्यान लोक दुसरीकडे स्वतःच्या हातांनीं पाणी वाढवीत होते. शहरांतील चुलींना आणि भट्ट्यांना जळण हवें, म्हणून पाण्याखालचें पीट जाळ्याच्या पिशव्यांनीं उपसण्याचा धंदा सोळाव्या शतकापासून जोरांत चालला. पीट निघालें तेथें तळीं झालीं, वाऱ्याच्या लाटांनीं तळ्यांचे कांठ ढांसळले, आणि लहान तळ्यांचे सरोवर झालें. हार्लेमजवळच्या सरोवराला तर लोक ‘पाण्याचा लांडगा’ म्हणत. अशीं तळीं पवनचक्क्या लावून कोरडीं करण्याची विद्या डचांनीं साधली. बेम्स्टर नांवाचें सरोवर चाळिसांवर पवनचक्क्यांच्या साहाय्यानें १६१२ सालीं कोरडें झालें. हार्लेमच्या लांडग्याला आवरण्यास मात्र वाफेचें युग यावें लागलें. १८३६ सालच्या वादळांत त्याचें पाणी एकदां अ‍ॅम्स्टरडॅमच्या व एकदां लायडनच्या वेशीपर्यंत गेलें, तेव्हां सरकार जागें झालें. तीन प्रचंड वाफयंत्रांनीं १८४९ पासून १८५२ पर्यंत अहोरात्र पाणी उपसून सुमारें अठरा हजार हेक्टर जमीन मोकळी केली. शिफोलचा प्रसिद्ध विमानतळ आज त्या सरोवराच्या तळावर उभा आहे.

ही विद्या परदेशांतही लवकरच गेली. सतराव्या शतकांत कॉर्नेलियस व्हर्म्युडेन या डच जाणकाराला इंग्लंडांत बोलावण्यांत आलें. पूर्व इंग्लंडांतील ‘फेन्स’ नांवाची दलदल कोरडी करण्याचें काम बेडफर्डच्या अर्लनें व त्याच्या भागीदारांनीं त्याच्यावर सोंपविलें. दलदलींत मासे व पाणपक्षी धरून पोट भरणाऱ्या गरीब लोकांनीं या कामास कडवा विरोध केला आणि ठिकठिकाणीं बांधही फोडले. जमीन कोरडी झाली, उत्तम पिकूं लागली, आणि हॉलंडांत जें घडलें होतें तेंच तेथेंही घडलें. ती खचूं लागली. होम फेन येथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक लोखंडी खांब जमिनींत पुरून त्याचा माथा जमिनीच्या पातळीस ठेवला होता. आज तो सुमारें चार मीटर उघडा पडला आहे. खांब होता तेथेंच आहे. जमीनच खालीं गेली आहे. डचांनीं विद्या नेली, तिच्या मागोमाग तिचें ओझेंही गेलें.

गाळकामाला आजचें स्वरूप येण्यास एकोणिसाव्या शतकांतील दोन कालवे कारण झाले. अ‍ॅम्स्टरडॅमसाठीं वाळूच्या टेकड्या फोडून थेट उत्तर समुद्रास मिळणारा कालवा खणला गेला व तो १८७६ सालीं खुला झाला. रॉटरडॅमसाठीं पीटर कालांद या स्थापत्यज्ञानें दुसरी योजना आंखली. समुद्राकडे एक सरळ चर खणावा, तो पुढें भरती-ओहोटीचा प्रवाहच रुंद व खोल करील, असा त्याचा हिशोब होता. १८७२ सालीं त्यांतून पहिलें जहाज गेलें. परंतु नदीनें हिशोब पाळला नाहीं. प्रवाहानें चराचे कांठ खाल्ले आणि ती माती मुखाशीं आणून टाकली. थोड्याच वर्षांत मोठीं जहाजें पुन्हां अडूं लागलीं, आणि सारें काम फुकट गेलें कीं काय अशी चिंता राष्ट्राला पडली. अखेरीस वाफेचीं गाळजहाजें, ज्यांना बंदरांवरील लोक ड्रेजर म्हणतात, तीं आणून सतत उपसा सुरू केला, तेव्हां वाट मोकळी झाली. रॉटरडॅम पुढें जगांतील अग्रगण्य बंदर झालें तें या उपशामुळें. निसर्ग स्वतः वाट राखील ही आशा सोडून माणसानें ती रोज राखावी, हें येथें कायमचें ठरलें.

त्या काळचे ड्रेजर पाहिले असते तर आपल्याकडील विहिरीवरच्या रहाटगाडग्याची आठवण झाली असती. लोखंडी डोलांची माळ तिरप्या शिडीवरून फिरत तळाशीं जाई, चिखल भरून वर येई आणि पडावांत ओती. पुढें चोषण-पंप आले. त्यांनीं वाळू व पाणी यांचें मिश्रण नळांतून ओढून घेतां येऊं लागलें. या यंत्रांभोंवतीं घराणीं उभीं राहिलीं. वेर्केन्डाम येथें १८६८ सालीं खोव्हर्ट व्हान ऊर्ड यानें वाळुंजाच्या फांद्यांचा व्यापार मांडला. आजची व्हान ऊर्ड कंपनी त्याचीच. स्लीड्रेख्त येथें १९१० सालीं बोस व कालिस या भागीदारांची पेढी निघाली. तिचेंच नांव आज बोस्कालिस. जहाजें बांधणारे कारखाने जवळच किंडरडाइक व आसपास होते.

या वैभवाच्या तळाशीं जीं माणसें राबलीं, त्यांची स्थिति मात्र हलाखीची होती. कालव्यांवर खणणारे मजूर गांवोगांव फिरत, वाळूवर उभारलेल्या खोपटांत दाटीवाटीनें राहत. मुकादम त्यांची मजुरी आपल्या हातीं ठेवी आणि धान्य, दारू आपल्याच दुकानांतून चढ्या भावानें घ्यावयास लावी. राष्ट्राच्या अभिमानाचे जे कालवे, ते अशा माणसांच्या फावड्यांनीं खणले गेले आहेत.

यंत्रांआधीं परदेशीं गेलीं तीं माणसें. जपाननें आपलीं दारें जगाला उघडल्यावर नद्या व बंदरें सुधारण्यासाठीं डच स्थापत्यज्ञ बोलाविले. त्यांत योहानिस दे रेके हा १८७३ सालीं गेला. त्याचें शिक्षण विद्यापीठांत झालें नव्हतें; बांधांच्या कामावरच तो शिकला होता. ओसाकाजवळील योदो नदींत गाळ कां सांचतो हें पाहण्यासाठीं तो मुखाशीं न थांबता उगमाकडील डोंगरांत गेला. डोंगर उघडेबोडके झाले होते आणि पावसानें त्यांची माती नदींत येत होती. म्हणून त्यानें डोंगरांवर झाडें लावणें व ओढ्यांना लहान बांध घालणें यांवर भर दिला. किसो, नागारा व इबि या तीन नद्या एकमेकींत मिसळून वारंवार पूर आणीत. त्यांना वेगळें करण्याची योजना त्यानेंच आंखली. तीस वर्षें जपानांत काढून तो पुढें चीनमध्यें शांघायच्या ह्वांगपू नदीच्या सुधारणेवर गेला. जपानी लोक त्याचें स्मरण आजही आदरानें करतात. गाळ मुखाशीं दिसला तरी त्याचें कारण उगमाशीं असतें, ही त्याची शिकवण यंत्रांच्या गडगडाटांत अनेकदां ऐकूं येईनाशी झाली.

स्वदेशीं विसाव्या शतकांतलें पहिलें प्रचंड काम झाउडर झे या उपसागराचें. १९१६ सालच्या पुरानंतर कॉर्नेलिस लेली याची जुनी योजना १९१८ सालीं कायद्यानें मंजूर झाली. बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचा तो भाग तोडावयाचा होता. उपसागराच्या तळाशींच हिमयुगांतील एक चिवट, दगडमिश्रित माती सांपडली. साध्या वाळूला प्रवाह नेतो, ही माती जागची हलत नाहीं. ड्रेजरांनीं ती उपसून बांधांत टाकली आणि २८ मे १९३२ रोजीं शेवटची फट बुजली. लेली हें पाहण्यास उरला नव्हता. तो १९२९ सालींच वारला होता. खाऱ्या पाण्याचें गोडें सरोवर झालें, पुढें त्यांतून एक नवा प्रांत निर्माण झाला. परंतु हेरिंग व अँकोव्ही या माशांवर जगणाऱ्या किनाऱ्यावरील गांवांचा पिढीजात धंदा बुडाला. त्यांना साहाय्य देण्याचा कायदा सरकारनें केला, पण समुद्र कांहीं परत मिळाला नाहीं.

३१ जानेवारी व १ फेब्रुवारी १९५३ च्या दरम्यानच्या रात्रीं वादळ व उधाण एकत्र येऊन नैऋत्येकडील झीलंड वगैरे भागांतील बांध फुटले आणि १,८३६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. महायुद्धाच्या काळांत बांधांची निगा मागें पडली होती. ते पुरेसे उंच नाहींत असा इशारा जाणत्यांनीं दिलाही होता. या आघातानंतर डेल्टा योजना हातीं घेतली गेली. नद्यांचीं मुखें एकामागून एक बंद होऊं लागलीं. पूर्व स्केल्ट हें शेवटचें मुखही पुरतें बंद व्हावयाचें होतें. पण कालवें व शिंपले पिकविणारे लोक आणि निसर्गाची चिंता वाहणारे नागरिक यांनीं जोराची हरकत घेतली. १९७६ सालीं संसदेनें विचार बदलला. भरती-ओहोटी चालूं द्यावी व वादळांतच दारें पाडावीं, असा बासष्ट दारांचा अडसर उभारण्यांत आला. १९८६ सालीं त्याचें उद्घाटन झालें. यासाठीं खर्च पुष्कळ वाढला, परंतु खाडी जिवंत राहिली. झाउडर झेच्या कोळ्यांना जें मिळालें नव्हतें, तें पन्नास वर्षांनंतर पूर्व स्केल्टच्या कोळ्यांना मिळालें.

डेल्टा योजनेवर तीस-चाळीस वर्षें राबलेल्या कंपन्यांच्या हातीं जगांत दुर्मिळ अशीं जहाजें आणि तीं चालविणारीं माणसें तयार झालीं. घरचें काम ओसरल्यावर त्यांनीं बाहेर पाहिलें. आजचा मोठा ड्रेजर स्वतःच प्रवास करणारें जहाज असतो. त्याच्या बाजूनें लांबलचक नळ तळापर्यंत सोडतात. जहाज संथ चालत असतां नळाचें रुंद तोंड तळावरून फिरतें आणि पंप वाळू-पाणी ओढून जहाजाच्या पोटांत टाकतात. वाळू खालीं बसते, पाणी वरून सांडून जातें. मोठ्या जहाजांत एका खेपेस तीस हजार घनमीटरांहून अधिक वाळू मावते. इच्छित स्थळीं गेल्यावर बुडाचीं दारें उघडून ती सोडतात, अथवा तोंडाशीं असलेल्या नळींतून इंद्रधनुष्याच्या आकारानें दूर फेंकतात. तळ खडकाळ असेल तेथें दांते असलेलें फिरतें डोकें लावून खडक फोडणारी दुसरी जात वापरतात.

या यंत्रांनीं केलेलीं कामें थक्क करणारीं आहेत. दुबईच्या किनाऱ्यालगत खजुरीच्या झाडाच्या आकाराचें बेट २००१ पासून पुढें व्हान ऊर्डनें घडविलें, तें सुमारें साडेनऊ कोटी घनमीटर वाळूचें. जवळच अफाट वाळवंट असतां ही वाळू समुद्राच्या तळाची घ्यावी लागली. कारण वाऱ्यानें घोटलेले वाळवंटाचे गुळगुळीत कण एकमेकांस धरून राहत नाहींत. रॉटरडॅमपुढें समुद्रांत सुमारें दोन हजार हेक्टरांचा बंदराचा नवा विस्तार २००८ ते २०१३ या काळांत भरून काढण्यांत आला. सुवेझच्या कालव्याला पस्तीस किलोमीटरांची नवी वाट जोडून २०१५ सालीं तो रुंद केला, त्यांतही डच जहाजें होतीं. मार्च २०२१ मध्यें त्याच कालव्यांत ‘एव्हर गिव्हन’ हें चारशें मीटर लांबीचें जहाज आडवें रुतून सहा दिवस जगाचा व्यापार अडला, तेव्हां तें सोडविण्यास बोस्कालिसच्या स्मिट शाखेच्या माणसांना पाचारण झालें. मात्र कांठची वाळू उपसली ती ईजिप्तच्या ड्रेजरांनीं.

तथापि हा धंदा केवळ डचांचा उरलेला नाहीं. शेजारच्या बेल्जमच्या दोन कंपन्या त्यांच्या तोडीच्या आहेत, चीननें स्वतःचा प्रचंड ताफा उभारला आहे, आणि अमेरिकेनें तर १९०६ सालच्या कायद्यानें परदेशांत बांधलेल्या ड्रेजरांना आपल्या पाण्यांत मज्जावच केला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशीं या धंद्याचा संबंध न्हावाशेवा येथें आला. जवाहरलाल नेहरू बंदराची वाट मोठ्या जहाजांसाठीं खोल व रुंद करण्याच्या दुसऱ्या टप्प्याचें काम २०१७ सालीं बोस्कालिस व बेल्जमची एक कंपनी यांना मिळून देण्यांत आलें. भारताची स्वतःची गाळकाम संस्था १९७६ सालीं स्थापन झाली असली, तरी तिच्या ताफ्यांत किंडरडाइकच्या कारखान्यानें बांधलेलीं जहाजें आहेत. वेंगुर्ल्याच्या वखारवाल्यांचे वंशज आतां माल घेऊन येत नाहींत. येणाऱ्या मालाची वाट मोकळी करण्यास येतात.

येथें एक प्रश्न उभा राहतो. हॉलंडांत बांधाचा निर्णय ज्यांच्या दाराशीं पाणी होतें त्यांनीं घेतला. परक्या किनाऱ्यावर उपसा होतो, तेव्हां निर्णय कोणाचा आणि नुकसान कोणाचें? सिंगापूरचें क्षेत्रफळ १९६० च्या सुमारास ५८० चौरस किलोमीटर होतें, तें भराव घालून ७३० च्या वर गेलें. पण त्यासाठीं लागणारी वाळू शेजाऱ्यांच्या समुद्रांतून व नद्यांतून आली. २००३ सालीं इंडोनेशियानें सागरी वाळूची निर्यात बंद केली होती. ती बंदी २०२३ सालीं उठली. २०२० सालीं त्याच देशांत मकासर बंदराच्या भरावासाठीं एका डच ड्रेजरनें वाळू उपसण्यास आरंभ केला, तेव्हां कोडिंगारेंग बेटावरील कोळ्यांनीं समुद्रांत जाऊन निषेध केला. पाणी गढूळ होऊन मासळी मिळेनाशी झाली अशी त्यांची तक्रार होती. फेन्समधील मच्छीमार, झाउडर झेचे कोळी आणि हे कोडिंगारेंगचे कोळी यांच्यांत शतकांचें व सागरांचें अंतर असलें, तरी त्यांचें गाऱ्हाणें एकच आहे. तें ऐकून योजना बदलतां येते हें पूर्व स्केल्टनें दाखविलें आहे. मात्र तेथें गाऱ्हाणें मांडणाऱ्यांच्या हातीं मत होतें.

खुद्द हॉलंडांत विचारांची दिशा पालटत आहे. १९९३ व १९९५ सालीं नद्यांना मोठे पूर आले; दुसऱ्या पुरांत अडीच लक्ष लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्यानंतर बांध उंच करीत जाण्याऐवजीं कांहीं ठिकाणीं ते मागें घेऊन नदीला पसरण्यास जागा देण्याचें धोरण स्वीकारलें. २०११ सालीं दक्षिण हॉलंड प्रांताच्या किनाऱ्यावर सुमारें दोन कोटी पंधरा लक्ष घनमीटर वाळूचा एकच ढीग मुद्दाम ओतून ठेवला. वारा व लाटा त्याला हळूहळू किनाऱ्यावर पसरवीत आहेत. सिंगापूरनेंही एका बेटावर निव्वळ भराव न घालतां डच पद्धतीचा पोल्डर बांधण्याचें २०१६ सालीं जाहीर केलें, कारण त्याला वाळू कमी लागते. आठशें वर्षांपूर्वींची शेतकऱ्यांची युक्ति अशा रीतीनें पुन्हां कामास आली.

तात्पर्य, डचांनीं समुद्र जिंकला असें म्हणण्यापेक्षां, त्याच्याशीं रोजचा व्यवहार कसा ठेवावा हें ते शिकले असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. त्यांची जमीन अजून खचते आहे आणि समुद्राची पातळी चढते आहे. केवळ किनारा आहे तेथें राखण्यासाठीं तेथील सरकार दरवर्षीं सरासरी एक कोटी वीस लक्ष घनमीटर वाळू समुद्रांतून उचलून किनाऱ्यावर घालतें, आणि लाटा ती पुन्हां घेऊन जातात. रॉटरडॅमच्या ज्या वाटेसाठीं कालांदनें चर खणला, तेथें आजही ड्रेजर फिरत असतात. आज उपसलेल्या जागीं उद्यां गाळ बसणार हें त्यांवरील खलाशांना ठाऊक असतें, आणि उद्यां तो उपसावयाचा आहे हेंही ठाऊक असतें.